केमोच्या गोळ्यांसोबत हातापायांची काळजीही लिहून द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयी आपल्या दैनिकात जे लेखन येते ते मी नेमाने वाचते. केस गळणे, मळमळणे, तोंड येणे, पांढऱ्या पेशी कमी होणे या केमोथेरपीच्या त्रासांची आता सर्वसामान्य वाचकालाही बऱ्यापैकी कल्पना आलेली आहे, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय वृत्तपत्रांना आहे. परंतु तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेवर होणाऱ्या परिणामांविषयी मराठीत फारच थोडे लिहिले जाते, आणि ज्यांना हा त्रास होतो त्यांनी तो सुरू होईपर्यंत त्याचे नावही ऐकलेले नसते. डॉक्टर त्याला हॅन्ड-फूट सिंड्रोम म्हणतात. मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या डे-केअर विभागात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे आणि परळ-दादर भागात उपचारांसाठी उतरलेल्या रुग्णांना आजही भेटत असते. हा त्रास प्रत्येकाच्या बाबतीत टाळता येईल असे मी म्हणणार नाही, पण तो हाताबाहेर जाण्यापासून रोखता येतो, आणि त्यासाठी घ्यायची काळजी पहिली गोळी पोटात जाण्याच्या आधी सांगितली गेली पाहिजे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे. सध्या ती बहुतेक वेळा कातडी सोलवटल्यानंतर सांगितली जाते.

हा त्रास सगळ्याच केमोने होत नाही. स्तनाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगात दिली जाणारी कॅपेसिटाबिन ही गोळी याबाबतीत सर्वांत पुढे आहे. ती घेणाऱ्यांपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक रुग्णांना कमीजास्त प्रमाणात हातापायांची तक्रार होते. शरीरात गेल्यावर या गोळीचे रूपांतर फ्लुरोयुरॅसिल या जुन्या औषधात होते, त्यामुळे तेच औषध सलाइनमधून सतत काही दिवस दिले तरी हा परिणाम दिसतो. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे औषध घामावाटे त्वचेत उतरते, आणि घामाच्या ग्रंथी तळहात-तळपायांत सर्वांत दाट असल्याने तेथेच अधिक त्रास देते. सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिब या यकृताच्या, मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या कर्करोगातील गोळ्यांचा प्रकार थोडा निराळा असतो. त्यांच्यामुळे टाच, चवडा आणि बोटांची पेरे अशा भार पडणाऱ्या जागी जाड, पिवळसर आणि अतिशय दुखरे घट्टे तयार होतात. डोसिटॅक्सेलने नखे काळी पडतात, सैल होतात, कधी त्यांच्याखाली पाणी साचते. आपल्याला कोणते औषध चालू आहे आणि त्याचा हातापायांशी काही संबंध आहे का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने पहिल्याच भेटीत विचारावा.

सलाइनमधून केमो घेणारा रुग्ण निदान काही तास परिचारिकांच्या नजरेसमोर असतो. गोळ्यांची केमो घरी चालते. कॅपेसिटाबिन साधारणपणे 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची आणि पुढचे 7 दिवस थांबायचे, अशी 21 दिवसांची एक सायकल असते. म्हणजे औषधाचा परिणाम वाढत जातो त्या काळात रुग्ण विरारला, कल्याणला किंवा थेट सोलापूर-जळगावला आपल्या घरी असतो आणि डॉक्टरांना तो तीन आठवड्यांनी दिसतो. त्रासाची सुरुवात बहुधा पहिल्या दोन-तीन सायकलींतच होते. आधी तळव्यांना मुंग्या येतात, चुणचुण होते, ऊन लागल्यासारखी आग होते, सकाळी उठल्यावर बोटे जड वाटतात. मग सूज, कोरडेपणा, भेगा. आणि तरीही गोळ्या तशाच चालू राहिल्या तर फोड येऊन कातडी निघते. इंग्रजी माहितीपत्रकांत पहिली खूण म्हणून त्वचा लाल होणे असे लिहिलेले असते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही. तळव्यांवर काळसर डाग पडतात, हाताच्या रेषा काळ्या होतात, त्वचा ताणल्यासारखी आणि चकचकीत दिसते, आणि रुग्ण मात्र लाली नाही म्हणून निश्चिंत राहतो. म्हणून रंगापेक्षा आग आणि दुखणे यांवर लक्ष ठेवायला मी नेहमी सांगते.

शिवडीच्या एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्या घरगुती पोळ्या लाटून देण्याचे काम करीत. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या सायकलीनंतर त्या आल्या तेव्हा फाइल पुढे करताना त्यांनी ती बोटांत न धरता दोन मनगटांच्या मध्ये धरली होती. हात उघडायला सांगितला तर अंगठ्याखालचा उंचवटा, जिथे लाटण्याचा दाब पडतो, तेथे फोड फुटून ओली जागा झालेली होती आणि करंगळीकडची बाजू पूर्ण कोरी होती. एकाच तळहातावर एवढा फरक. घर्षण आणि दाब यांनी हा त्रास कसा वाढतो हे मी पुस्तकात वाचले होते, पण ते इतके स्पष्ट त्या हातावर पाहिले. आठ दिवसांपासून असे असताना फोन का केला नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टर, सांगितलं तर गोळी बंद करतील, आणि गोळी बंद झाली तर आजार वाढेल."

ही भीती फार जणांच्या मनात असते आणि तिच्यापायीच सर्वाधिक नुकसान होते. कॅपेसिटाबिनची मात्रा त्रासानुसार थांबवणे, लांबवणे आणि कमी करणे ही औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच दिलेली रीत आहे. दुखत नसेल, नुसती चुणचुण आणि कोरडेपणा असेल तर बहुधा गोळ्या चालू ठेवून काळजी वाढवली जाते. दुखू लागले, शर्टाची बटणे लावणे, डब्याचे झाकण उघडणे, बाजारात जाऊन येणे अवघड झाले, तर डॉक्टर सहसा त्वचा सावरेपर्यंत गोळ्या थांबवतात आणि मग त्याच किंवा थोड्या कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. वेळेवर थांबले तर त्वचा साधारण एक ते दोन आठवड्यांत सावरते. दुखणे लपवून गोळ्या रेटत राहिलेल्या रुग्णाला नंतर बराच जास्त काळ थांबावे लागते, कारण स्वतःच्या हाताने जेवता येत नाही आणि मोरीपर्यंत चालवत नाही अशा अवस्थेत त्याला पुढची सायकल देणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नसते. थांबवलेल्या काळातल्या गोळ्या नंतर दुप्पट घेऊन भरून काढू नयेत, हेही येथे नोंदवते, कारण तसे करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष काळजीविषयी. तिचा गाभा सोपा आहे: उष्णता, घासणे आणि दाब या तिन्हींपासून तळवे जपायचे आणि त्वचा कधी कोरडी पडू द्यायची नाही. अडचण अशी, की आपल्या घरांतली बहुतेक कामे या तिन्हींवरच चालतात. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, तव्यावरची पोळी बोटांनी उलटणे, विळीवर नारळ खोवणे, तारेच्या घासणीने कढई घासणे, ओले कपडे पिळणे, पाण्याच्या बादल्या कडीला धरून उचलणे, हिरव्या मिरच्या चिरणे, ही सगळी कामे निदान उपचारांच्या काळात दुसऱ्या कोणीतरी केली पाहिजेत. हे लिहिताना मला ठाऊक आहे की पुष्कळ घरांत असे दुसरे कोणी नसते, किंवा असले तरी पुढे येत नाही. म्हणूनच ही सूचना रुग्ण बाईला एकटीला न सांगता तिच्या नवऱ्याला आणि मुलांना समोर बसवून सांगितली पाहिजे, असे मी आमच्या विभागात आग्रहाने म्हणत असे. डॉक्टरांनी फाइलवर "भांडी व कपडे यांचे काम करू नये" असे लिहून सही केली की घरात ते औषधासारखे पाळले जाते. जिला काम टाळता येणारच नाही तिने आत पातळ सुती मोजा घालून त्यावर सैल रबरी मोजा चढवावा आणि काम संपताच दोन्ही काढावेत. नुसता रबरी मोजा तासभर घातला तर आत घाम आणि ऊब साचून त्रास वाढतो. पुरुषांच्या बाबतीत तोच विचार हातोडी, पाना, रिक्षाचे हँडल आणि माथ्यावरून-हातावरून वाहायचे ओझे यांना लावावा.

अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी, टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे, गरम वरण-भात हाताने कालवण्याऐवजी चमचा वापरावा. बोटांना सूज येते म्हणून अंगठ्या, घट्ट बांगड्या आणि पायांतली जोडवी गोळ्या सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावीत. जोडवी काढायला सवाष्ण बायकांचा जीव धजत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तेथे मी घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाच विश्वासात घेते, आणि सासूबाईंनी स्वतः सांगितले की ती अडचण सुटते. सुजलेल्या बोटात रुतलेले जोडवे कापून काढण्याची वेळ येण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

एका घरगुती उपायाविषयी मला विशेष करून लिहावयाचे आहे. तळपायांची आग होऊ लागली की आपल्याकडे अंगात उष्णता वाढली असे समजले जाते आणि तूप लावून काशाच्या वाटीने तळवे चोळले जातात, ते वाटी काळी पडेपर्यंत. निरोगी माणसाला त्याने बरे वाटत असेल. केमोने नाजूक झालेल्या तळव्यांवर मात्र हे चोळणे सरळसरळ इजा करणारे आहे. प्रेमाने रात्ररात्र पाय चोळणाऱ्या माणसांना हे सांगताना जड जाते, परंतु सांगितलेच पाहिजे. तूप किंवा खोबरेल नुसते हलक्या हाताने लावून सोडून द्यावे. कोकणातले लोक टाचांच्या भेगांना कोकमतेल लावतात, तेही त्वचा अखंड असेपर्यंत मऊपणासाठी लावण्यास हरकत नाही, फक्त ते वितळवून गरम गरम भेगेत सोडण्याची जी पद्धत आहे ती टाळावी. तुरटी, लिंबू, मिठाच्या गरम पाण्याचा शेक, झोंबणारे बाम, बाजारातली काळी मेंदी आणि टाच घासण्याचा दगड यांपैकी काहीही वापरू नये. जुने घट्टे किंवा कुरूप असेल तर ते उपचार सुरू होण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून काढून घ्यावे, विशेषतः सोराफेनिब किंवा रेगोराफेनिब सुरू व्हायचे असेल तेव्हा. घरी ब्लेडने कापणे धोक्याचे आहे, आणि मधुमेह असणाऱ्यांना तर फारच.

मलमांच्या बाबतीत महागड्या डब्यांची गरज नाही. सुगंध नसलेले कोणतेही जाडसर मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी हात धुतल्यावर, आणि रात्री लावून वर सैल सुती मोजे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. 10 टक्के युरिया असलेले क्रीम सोराफेनिब घेणाऱ्यांमध्ये मोठ्या अभ्यासात उपयोगी ठरले आहे आणि कॅपेसिटाबिनसाठीही अनेक डॉक्टर ते पहिल्या दिवसापासून लिहून देतात. मात्र भेग उघडी असेल तेथे ते झोंबते.

अलीकडची एक गोष्ट आपल्या देशातली असूनही आपल्याच लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कॅपेसिटाबिन घेणाऱ्या 264 रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यात काहींना 1 टक्के डायक्लोफेनॅक जेल दिवसातून दोन वेळा लावायला दिले आणि काहींना तसेच दिसणारे, औषध नसलेले जेल दिले. मध्यम किंवा तीव्र त्रास साध्या जेलच्या गटात 15 टक्के रुग्णांना झाला, तर औषधी जेलच्या गटात 3.8 टक्क्यांना. हे निष्कर्ष 2024 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वस्त आणि गल्लीतल्या केमिस्टकडे मिळणारे औषध असल्यामुळे मला या निष्कर्षाचे महत्त्व फार वाटते. पण त्याचबरोबर एक इशारा देणे भाग आहे. आपल्याकडे सांधेदुखीसाठी जी डायक्लोफेनॅकची जेल विकली जातात त्यांतल्या अनेकांत मेन्थॉल, मिथाईल सॅलिसिलेट किंवा मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक मिसळलेला असतो आणि नाजूक तळव्यांवर त्याने आग भडकते. तेव्हा ट्यूबवरचे घटक वाचल्याशिवाय आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणीही ते लावू नये. फुटलेल्या त्वचेवर तर नाहीच, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामक औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तसे आधी सांगावे.

मुंग्या येतात म्हटल्यावर केमिस्ट बी-कॉम्प्लेक्सची गोळी देतो आणि रुग्ण ती महिनोन्‌महिने खातो. बी-6 जीवनसत्त्वाने हा त्रास टळेल अशी आशा एके काळी होती, परंतु औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून झालेल्या अभ्यासांत तिचा फायदा सिद्ध झाला नाही. त्याहून गंभीर बाब ही की अशा अनेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड असते आणि ते कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढवू शकते. म्हणून ताकदीची म्हणून दिलेली कोणतीही गोळी आधी डॉक्टरांना दाखवावी.

थंडाव्याचा उपायही औषध पाहूनच करावा लागतो. डोसिटॅक्सेलचे सलाइन चालू असताना थंड हातमोजे घातल्यास नखांचे नुकसान कमी होते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात 45 रुग्णांच्या एका हाताला थंड मोजा घातला आणि दुसरा तसाच ठेवला, तेव्हा नखांचा त्रास उघड्या हातावर 51 टक्के आणि मोजा घातलेल्या हातावर 11 टक्के दिसला. गोळ्यांमुळे तळवे तापले असतील तर नळाच्या साध्या गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्याने बरे वाटते. पण कॅपेसिटाबिनबरोबर ऑक्सॅलिप्लॅटिनचे सलाइन चालू असेल तर गोष्ट नेमकी उलटी होते. या औषधानंतर काही दिवस थंड वस्तूचा स्पर्श झाला तरी बोटांना झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा वाटतो. अशा रुग्णाने फ्रीजमधली बाटलीही हातात घेऊ नये आणि तळव्यांना बर्फ तर मुळीच लावू नये. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला जे मानवले ते आपल्याला मानवेलच असे नाही, हे डे-केअरमध्ये रोज सांगावे लागते.

मुंबईत पाय जपणे हे घरातल्या काळजीपेक्षाही अवघड आहे. लोकलने उपचारांना येणाऱ्यांना दांडीला घट्ट धरून तासभर उभे राहावे लागले तर तळहात आणि तळपाय दोन्ही भरडून निघतात. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे बाहेरगावाहून आलेल्या बहुसंख्य रुग्णांना माहीत नसते. त्यांनी रुग्णालयाचे कागद जवळ ठेवून त्याच डब्यात बसावे, आणि डब्यातल्या इतरांनी वरून धडधाकट दिसणाऱ्या या माणसांना हटकू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. पादत्राण मऊ तळाचे, थोडे सैल आणि बोटे न आवळणारे असावे. अंगठ्याची चप्पल बोटांच्या बेचक्यात घासते. नवी कोल्हापुरी किंवा नवे बूट घालून चालण्याची ही वेळ नाही. घरातही अनवाणी फिरू नये. मे महिन्यात गच्चीवर किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय टाकू नये. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचे व्रत, अंगारकीला सिद्धिविनायकापर्यंत पायी जाण्याचा नवस, लालबागच्या रांगेत कित्येक तास उभे राहणे, हे सारे लोक ज्याच्या बरे होण्यासाठी बोलतात त्याच माणसाच्या पायांना ते सोसणारे नसते. नवस घरातल्या दुसऱ्या कोणी फेडावा.

पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. दिवसभर ओल्या चपलेत राहिलेल्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्यात केमोच्या भेगांची भर पडली की जंतुसंसर्गाला वाटच मिळते आणि प्रतिकारशक्ती आधीच खाली आलेली असते. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि पायाला जखम किंवा चीर असेल तर तो वाढतो, हे महानगरपालिका दरवर्षी सांगते. केमो चालू असलेल्या रुग्णाने त्या दिवशी घराबाहेर पडूच नये. पडावे लागले आणि पाय पाण्यात गेलेच तर साबणाने धुऊन, बेचके कोरडे करून, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. फोड आले, कातडी निघून ओली जागा दिसली, पू झाला, चालणे किंवा हाताने जेवणे अशक्य झाले, ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर पुढची गोळी घेण्याच्या आधी रुग्णालयाला फोन करावा. पहिल्याच सायकलीत हातापायांबरोबर तोंड भयंकर आले आणि जुलाब थांबत नसतील तर एक तासही घालवू नये, कारण काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारे एन्झाइम जन्मतःच कमी असते आणि त्यांच्या जिवाला धोका संभवतो. याची रक्ततपासणी उपलब्ध आहे. ती आपल्या बाबतीत करावी का, हे डॉक्टरांना विचारता येते.

आणखी एका गोष्टीकडे शासनाचे लक्ष वेधायचे आहे. बराच काळ कॅपेसिटाबिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या बोटांचे ठसे पुसट होतात. सिंगापूरच्या एका 62 वर्षांच्या रुग्णाला डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटेनात म्हणून काही तास अडवून ठेवले होते, आणि त्यांच्या डॉक्टरांनी ती हकीकत 2009 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. आपल्याकडे हीच अडचण रेशन दुकानाच्या यंत्रापुढे येते. बोट पुन्हा पुन्हा पुसून, दाबून, ओले करून लावायला सांगतात. दुखरे बोट काचेवर दाबताना रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते आणि मागे रांग खोळंबलेली असते. आधारची पडताळणी डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही करता येते. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला चेहऱ्यावरून देण्याची सोय नोव्हेंबर 2021 पासून आहे. तरी अंगठाच उमटला पाहिजे असा हट्ट अनेक खिडक्यांवर धरला जातो. कर्करोगतज्ज्ञांचे साधे पत्र दाखवल्यावर दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करून द्यावी, अशा लेखी सूचना पुरवठा विभागाने आणि बँकांनी खालपर्यंत द्याव्यात.

1941 साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाल्यापासून देशभरातले कर्करोगाचे रुग्ण या शहराकडे येत आहेत आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था त्यांना आसरा देत आल्या आहेत. उपचारांसाठी एवढे मोठे मन असलेल्या या शहरात मराठीतला एक पानाचा कागद अवघड असू नये. गोळ्यांची पाकिटे देतानाच प्रत्येक रुग्णालयाने आणि कर्करोगाची औषधे विकणाऱ्या प्रत्येक केमिस्टने तो ठळक अक्षरांत छापून द्यावा. त्यावर सावळ्या त्वचेवरची लक्षणे दाखवणारी चित्रे असावीत आणि रात्रीही उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा. ओपीडीत दर भेटीला रुग्णाच्या चपला-मोजे काढून तळपाय पाहिले जावेत, कारण विचारल्यावर "ठीक आहे" म्हणणारे रुग्ण फार असतात आणि तळवे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. गर्दीत डॉक्टरांना सवड नसेल तर हे काम परिचारिका करू शकतात. त्यांना तसे अधिकार आणि फाइलमध्ये नोंदीसाठी एक रकाना द्यावा. आपल्या दैनिकानेही त्वचारोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्याकडून तपासून घेतलेली अशी चौकट पावसाळ्यापूर्वी एकदा छापावी. ती कापून फाइलमध्ये लावून घेणाऱ्या रुग्णांना वाटण्याचे काम आम्ही काही निवृत्त परिचारिका आनंदाने करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
परळ, मुंबई